एका रात्रीत दुप्पट
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण, थोडे संपादित)



संयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'माझे कामाचे क्षेत्र'. माझ्या आधी हृदयाच्या झडपांवर बोलणे झाले, त्याच्या आधी जीएसटीवर. आता मशरूम. जेवणाच्या तोंडावर मशरूम ठेवायची कल्पना ज्याची, त्याचे कौतुक. पण मला सुरुवात कोंबडीच्या खतापासून करावी लागणार आहे, हे बहुधा त्याच्या लक्षात आले नसावे.

आपला व्हॉट्सअ‍ॅप गट झाल्यापासून अकरा जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "अगं, निवृत्त झाल्यावर मशरूम करू का? घरामागे जागा पडून आहे. चांगला पैसा आहे म्हणतात." प्रत्येकाला वेगळे उत्तर टंकत बसण्यापेक्षा इथेच सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी फार्मची मालकीण नाही. पुणे-सातारा पट्ट्यातल्या एका बटन मशरूमच्या फार्मवर मी चोवीस वर्षे नोकरी करते. सुरुवात प्रयोगशाळेत केली, आता वाढीच्या खोल्या आणि तोडणी माझ्याकडे आहे. फार्मचे नाव घेत नाही. मालकांनी भाषणाला परवानगी दिली आहे, त्याची जाहिरात व्हावी अशी त्यांची अपेक्षा नाही.

विज्ञानाच्या सरांनी आपल्याला पावाचा ओला तुकडा काचेखाली झाकून ठेवायला लावला होता, आठवते? चौथ्या दिवशी त्यावर कापसासारखे पांढरे जाळे आले आणि मग काळे ठिपके. ते जाळे म्हणजे बुरशीचे खरे शरीर, कवकजाल. मशरूम हे त्या जातकुळीतल्याच एका बुरशीचे फळ. आंब्याचे झाड जमिनीखाली आणि आंबे तेवढे वर, असे काहीसे समजा. हिला हरितद्रव्य नाही, म्हणजे उन्हावर स्वतःचे अन्न करता येत नाही. तयार जेवण लागते. आपण लहानपणी 'कुत्र्याची छत्री' म्हणून लाथाडायचो ती, कोकणातली अळंबी, विदर्भात पावसाळ्यात वारुळांवर येणाऱ्या सात्या, ही सगळी याच गोतावळ्यातली. जाता जाता सांगते, रानातली अळंबी अंदाजाने खाऊ नका. चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी, किड्यांनी खाल्ली असेल तर चांगली, या सगळ्या भाकडकथा आहेत. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या ओळख आहे त्यांनी खावी, बाकीच्यांनी विकतची.

तर जेवण. बटन मशरूमचे जेवण शिजवायला तीन-साडेतीन आठवडे लागतात. गव्हाचा भुसा, कोंबडखत, जिप्सम आणि पाणी. आमच्याकडे भुसा बराचसा मध्य प्रदेशातून ट्रकने येतो, कोंबडखत जवळच्या पोल्ट्र्यांमधून. भुसा आधी दोन-तीन दिवस भिजवतात, कारण गव्हाच्या काडीवर मेणासारखा थर असतो आणि पाणी सहजी आत जात नाही. मग सगळे मिसळून बंकरमध्ये भरतात. बंकर म्हणजे तीन बाजूंनी काँक्रीटच्या भिंती, खालच्या फरशीला भोके, आणि त्यातून पंख्याने हवा सोडलेली. आत कोणी विस्तव लावत नाही. जिवाणूच इतके काम करतात की ढिगाचे तापमान ऐंशी अंशांपर्यंत जाते. चहा करण्याइतके नाही, पण हात घातला तर भाजेल इतके. थंडीत गावातली कुत्री बंकरच्या भिंतीला पाठ लावून झोपतात.

वास येतो. अमोनियाचा येतो, डोळ्यांतून पाणी काढणारा. पण अमोनिया परवडला, कारण तो काम चालू असल्याची खूण आहे. खरा घाणेरडा, अंडे कुजल्यासारखा वास येतो तो ढिगात जिथे हवा पोचत नाही तिथून. पूर्वी उघड्यावर ढीग लावून दर दोन-तीन दिवसांनी पलटायचो, तेव्हा तो वास थेट गावच्या देवळापर्यंत जायचा. ग्रामसभेत आमच्या नावाने शंख झाला होता, आणि गावकऱ्यांचे काही चुकत नव्हते. खालून हवा द्यायला लागल्यापासून वास पुष्कळ कमी झाला. गेला, असे मी म्हणणार नाही. ज्यांनी घरामागच्या जागेचा विचार केला आहे त्यांनी शेजाऱ्यांचाही करावा.

बंकरमधून खत बोगद्यासारख्या बंद खोलीत जाते. तिथे ते आधी अठ्ठावन्न ते साठ अंशांवर काही तास धरायचे. माश्यांची अंडी, सूत्रकृमी, नको असलेल्या बुरशी सगळे त्यात मरते. त्यापेक्षा जास्त तापवले तर उपयोगाचे जिवाणूही जातात. मग पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांवर आणून पाच-सहा दिवस ठेवायचे, म्हणजे उरलेला अमोनिया ते जिवाणू खाऊन टाकतात. मीटर आहेत, पण पहिली परीक्षा अजूनही नाकाची. अमोनियाचा जरासाही वास राहिला तर पुढचे सगळे वाया. तयार खताला ओल्या पाचोळ्यासारखा, किंचित गोडसर वास येतो. दुसरी परीक्षा मुठीची. खत मुठीत दाबले की बोटांच्या फटीत पाणी दिसले पाहिजे, पण गळता कामा नये.

यापुढचे समजवायला मला नेहमी विरजणाचा दाखला पुरतो. दूध तापवले, कोमट झाले, मग विरजण लावले. गरम दुधात लावले तर दही होत नाही, आणि न तापवलेल्या दुधात भलतेच काहीतरी वाढते. आमचे विरजण म्हणजे स्पॉन. ज्वारीचे किंवा गव्हाचे दाणे उकडून, निर्जंतुक करून त्यावर कवकजाल वाढवलेले असते. प्रत्येक दाण्याला पांढरी मखमल. खत पंचवीस अंशांवर आले की टनाला पाच-सहा किलो स्पॉन मिसळायचा. मी प्रयोगशाळेत सहा वर्षे हेच केले. काम सोपे, आणि पराकोटीचे कंटाळवाणे. एका बाटलीत हिरवा ठिपका सुटला तर खोलीभर पीक धोक्यात, म्हणून कंटाळूनही चालत नाही. याच काळात मला फार्मने सोलनला प्रशिक्षणाला पाठवले. हिमाचलातल्या या गावात बटन मशरूमचे काम १९६१ पासून चालू आहे, देशाचे मशरूम संशोधन संचालनालय तिथेच आहे, आणि १९९७ मध्ये त्याला 'मशरूम सिटी' असे नावही मिळाले. सप्टेंबरात मी स्वेटर घालून शिकत होते, आणि आपल्याकडे याच थंडीसाठी केवढे वीजबिल भरतो, हा विचार काही डोक्यातून जात नव्हता.

दोन आठवड्यांत सगळे खत पांढरे होते. पण मशरूम येत नाही. बुरशीला पोटभर मिळते आहे, ऊब आहे, ती कशाला फळ धरेल? मग वर चार सेंटिमीटरचा एक थर पसरायचा. त्याला केसिंग म्हणतात. आमच्याकडे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि मुरलेले शेणखत, वाफ देऊन. त्यात अन्न जवळजवळ नसते, ओल मात्र भरपूर असते. गंमत अशी की ते पूर्ण निर्जंतुक केले तर मशरूम नीट धरतच नाही. ठराविक जिवाणू त्यात असावे लागतात. जाळे या थरात चढले की एका दिवशी आपण खोलीचे सगळे हवामान बदलतो. पंचवीस अंशांवरून सतरा-अठरावर आणायचे आणि ताजी हवा सोडायची. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड चारशेवीस पीपीएमच्या आसपास असतो. बुरशी वाढत असते तेव्हा खोलीत तो काही हजार असला तरी चालतो, उलट बरेच. फळ धरायला मात्र तो हजाराच्या खाली लागतो. नाहीतर देठ लांबलचक आणि डोके टाचणीएवढे. आपला नववी 'ब'चा वर्ग, पावसाळ्यात खिडक्या लावलेल्या आणि आत साठ पोरे. तिथे मशरूम धरली नसती. बाकीही काही धरत नव्हते, असे गणिताच्या बाई म्हणायच्या.

आता तोडणीवर येते. माझे बोलणे खरे म्हणजे यावरच आहे.

खत पेरल्यापासून साधारण पाच आठवड्यांनी पहिली तोडणी सुरू होते. टाचणीच्या डोक्याएवढे दाणे दिसतात, मग वाटाण्याएवढे, आणि मग मशरूम चोवीस तासांत दुप्पट होते. अतिशयोक्ती नाही. आज सकाळी पंधरा ग्रॅमचे असेल ते उद्या सकाळी तीसच्या आसपास. परवा त्याच्या टोपीखालचा पडदा फाटतो, छत्री उघडते, खालचे तपकिरी पदर दिसतात. खायला ते उत्तमच असते, माझ्या मते जास्त चवदार, पण गिऱ्हाइकाला ते शिळे वाटते आणि व्यापारी निम्म्या भावात मागतो. म्हणजे प्रत्येक मशरूमला तोडायची योग्य वेळ काही तासांची. आणि एका खोलीत अशी लाखभर असतात, सगळी वेगवेगळ्या वयाची, एकमेकांना खेटून.

हे कोण ठरवते? आमच्या फार्मवर संगणक आहे, तो तापमान सांभाळतो, हवा सांभाळतो. कुठले मशरूम आज काढायचे आणि कुठले उद्यावर ठेवायचे हे मात्र तोडणीच्या बाया ठरवतात. डोक्याला दिवा, मांडणीला टेकलेली शिडी, एका हातात छोटी सुरी. टोपी दोन बोटांत हलके धरायची आणि पिळायची. ओढायची नाही. ओढली तर शेजारची चार पोरकी होतात, त्यांची मुळे सुटतात आणि ती तपकिरी पडून मरतात. मग देठाचा मातकट भाग एका फटक्यात कापायचा आणि टोपीला दुसऱ्यांदा बोट न लावता डबीत ठेवायचे. आज ज्याला बोट जोरात लागले, त्यावर उद्या दुकानात तो डाग दिसतो. तुम्ही डबीवर तपकिरी ठसा बघून शिळे समजता ना, ते पुष्कळदा कोणाचे तरी बोट असते.

पण खरी अक्कल निवडण्यात आहे. पाचांचा गुच्छ असेल तर सर्वांत मोठे काढायचे असे नाही. असे एक काढायचे की उरलेल्या चारांना जागा मिळेल आणि उद्या ती चौघे मिळून आजच्यापेक्षा दुप्पट होतील. नवीन आलेल्या बायकांना आमची मुकादम सांगते, "शेजारणीला जागा करून दे, ती तुला उद्या पगार देईल." वीस टन खताच्या एका खोलीतून तीन बहरांत, म्हणजे ज्याला आम्ही फ्लश म्हणतो, चार टन मशरूम निघाले तर ठीक, पाच निघाले तर उत्तम. वरचा हा एक टन बराचसा हातांवर अवलंबून असतो. खत तेच, खोली तीच.

म्हणून पगाराची पद्धत महत्त्वाची. पूर्वी आमच्याकडे किलोवर मजुरी होती. वरवर बघता न्याय्य. प्रत्यक्षात काय व्हायचे? बाई मोठी मोठी ओरबाडून काढायची, कारण वजन भरायचे असते, आणि लहान पोरे तुटून जायची. दोष तिचा नव्हता, हिशेबाचा होता. मी मालकांना दोन खोल्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले आणि आम्ही रोजावर गेलो, वर बहर संपल्यावर खोलीच्या एकूण उत्पन्नावर गटाला बक्षीस. याला दीड वर्ष गेले. मालक वाईट माणूस नाही, पण मजुरी किलोवर नसली की बाया बसून राहतील, ही समजूत इकडे फार खोल आहे.

बांगड्यांचेही सांगते, कारण स्त्रिया इथे निम्म्या आहेत. मशरूमच्या खोलीत काचेची बांगडी चालत नाही. डबीत काच सापडली तर धंदा बंद. हा नियम बाहेरून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी भिंतीवर लावला आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या बाया आल्या नाहीत. हिरव्या बांगड्या काढ असे तुम्ही कुणा सवाष्णीला कसे सांगणार, तेही वटपौर्णिमेच्या आठवड्यात? शेवटी शिवणकाम येणारीनेच तोड काढली. मनगटापासून कोपरापर्यंत जाड कापडाची बाही, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. बांगडी आत, काच फुटली तरी आतच. साहेबांनी पुढच्या वेळी त्याचा फोटो काढून नेला. इतर फार्मांना दाखवायला, म्हणाले.

आणखी एक नियम आहे. तोडणी नेहमी लहान खोलीतून मोठ्या खोलीकडे, म्हणजे पहिल्या बहरातून तिसऱ्याकडे. उलटे कधीच जायचे नाही. जुन्या खोलीत रोग असतो, तो कपड्यांवरून, हातांवरून, बारीक माश्यांवरून नव्या खोलीत जातो. वेट बबल नावाचा एक रोग आहे, मशरूमच्या जागी पांढरा बेढब गोळा येतो आणि त्यावर मधाच्या रंगाचे थेंब. तो दिसला की हात लावायचा नाही. वर मिठाचा ढीग ओतायचा आणि प्लास्टिकचा पेला उपडा घालायचा. साधे जाडे मीठ. लाखो रुपयांची यंत्रे असलेल्या खोलीत कोपऱ्यात मिठाची बरणी ठेवलेली असते, आणि ती रिकामी नाही ना हे मी रोज बघते.

सुट्टी नाही. ज्याला पहिल्या बहराचा दुसरा दिवस म्हणतात तो लक्ष्मीपूजनाला आला तर लक्ष्मीपूजनाला तोडणी. पहाटे चारला येऊन सात-साडेसातपर्यंत उरकून बाया घरी जातात आणि रांगोळी घालतात. उत्तरेत हरियाणा-पंजाबकडे लोक थंडीत झोपड्यांमध्ये हंगामी पीक घेतात, ते बाजारात आले की आपले भाव पडतात. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत काम तेच, पैसा कमी. आणि मे महिन्यात भाव बरा, पण वीजबिलात जातो.

मे महिन्यावरून आठवले. चार वर्षांपूर्वी एका रात्री दहाच्या सुमारास ट्रान्सफॉर्मर जळाला. जनरेटर होता, तो पाच तास चालला आणि बंद पडला. मेकॅनिक पुण्याहून निघाला होता. चार आणि पाच नंबरच्या खोल्या ऐन पहिल्या बहरात होत्या. बाहेर तीस अंश. आतले तापमान सतरावरून चढायला लागले, एकोणीस, एकवीस. ऊब मिळाली की मशरूम थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तोडायचे ते सगळे पहाटेपर्यंत उघडणार होते. मी तीन वाजता मुकादमीणबाईंना फोन केला. पावणेचारला सव्वीस बाया फार्मवर होत्या. काही चालत आल्या, काही नवऱ्यांच्या मोटरसायकलवर, एक जण झोपलेले नातवंड खांद्यावर घेऊन. मोबाइलच्या आणि डोक्याच्या दिव्यांवर त्यांनी सकाळी नऊपर्यंत अकराशे किलो काढले. वीज सव्वानऊला आली. तोडलेल्या मालाला लगेच दोन-चार अंशांवर न्यावे लागते, नाहीतर तो डबीतसुद्धा उमलत राहतो. शीतगृह बंद होते. तर बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणायच्या, हे मी सांगायच्या आधीच कोणीतरी टेंपो पाठवला होता.

तो टेंपो पाठवणारी आपल्या वर्गातली आहे.

नाव घेत नाही. 'नाव घेतलेस तर बघ' असे तिने मला बजावले आहे. आठवीच्या सहामाहीपर्यंत ती आपल्याबरोबर होती, दुसऱ्या बाकावर. तोंडी हिशेबात तिच्या आधी हात वर गेलेला मला आठवत नाही, आणि गणिताच्या बाई, तुम्हालाही आठवणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. त्या वर्षी तशा बऱ्याच जणी आल्या नाहीत आणि आपण कोणी विचारले नाही, कारण तेव्हा ते विचारण्यासारखे वाटत नव्हते. आज ती आमच्या फार्मची मुकादम आहे. संध्याकाळी खोलीत शिरते, वरच्या मांडणीपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवते आणि सांगते, उद्या सहाशे चाळीस किलो. माझ्याकडे त्यासाठी सूत्र आहे, आदल्या दिवसाचे वजन, तापमान, दाण्यांची मोजणी. गेल्या वर्षी आम्ही महिनाभर पैज लावून दोघींचे आकडे फळ्यावर लिहिले. एकवीस दिवस तिचा आकडा जवळचा निघाला. व्यापाऱ्याची गाडी किती मोठी सांगायची, डब्या किती मागवायच्या, किती बायांना बोलवायचे, हे सगळे तिच्या आकड्यावर चालते.

आपल्या स्मरणिकेतली यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे. त्यात कोणाचा दोष नाही, पत्ते शोधायला कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. त्या पटावर त्रेपन्न नावे आहेत. मी गेल्या आठवड्यात शाळेच्या कार्यालयात जाऊन आठवीचा पट काढून पाहिला, त्यावर एकाहत्तर आहेत. मधल्या अठरांपैकी तेरा मुली. संयोजकांना मी विनंती केली आहे की यादी आठवीच्या पटावरून छापावी. पानांची अडचण आहे, बघतो, असे ते म्हणाले. अडचण असेल तर माझ्या भाषणातला खताचा भाग कापा, एक पान सहज निघेल.

तिला आजचे निमंत्रण मी माझ्याकडून दिले होते. पण आज रविवार असला तरी तीन नंबरला पहिला बहर आहे.

आता ते अकरा प्रश्न. बटन मशरूम घरामागच्या जागेत होत नाही. त्याला खताचा कारखाना लागतो, थंडी विकत घ्यावी लागते, आणि लक्ष्मीपूजनाच्या पहाटे येणारी माणसे लागतात. पहिल्या दोन गोष्टींसाठी बँक कर्ज देते. ज्यांना हौस आहे त्यांनी धिंगरी करावी. भाताचे काड भिजवून, गरम पाण्यातून काढून, पिशव्यांत भरायचे, गोणपाट ओले ठेवायचे. वीस ते तीस अंशांत येते, म्हणजे आपल्याकडे थंडीत आणि पावसाळ्यात. शिल्लक राहिली तर वाळवता येते, बटन मशरूमचे तसे नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात मशरूमचा प्रकल्प आहे, आधी तिथे जाऊन शिका. धिंगरीच्या खोलीत तोंडाला फडके बांधूनच जा. तिचे बीजाणू फार उडतात आणि काहींना त्याने खोकला व दमा जडतो. आणि 'आमच्याकडून बी घ्या, सगळा माल आम्हीच परत विकत घेऊ' असे सांगणारा कोणी आला तर त्याला विचारा, आजवर कोणाचा माल घेतलास, त्यांचे फोन नंबर दे. आपल्या तालुक्यातल्या दोघांनी असे पैसे भरले. बी मिळाले, घेणारा पुन्हा दिसला नाही.

माझी वीस मिनिटे झालेली दिसतात, संयोजक घड्याळ दाखवताहेत. मागच्या व्हरांड्यात थर्मोकोलची चार खोकी ठेवली आहेत. आज पहाटे साडेचारला तोडलेला माल आहे, कोणी तोडला ते सांगितलेच आहे. पांढराशुभ्र चकचकीत नाही, कारण आम्ही रसायनाच्या पाण्यात धूत नाही. घरी गेल्यावर डबीवरचे प्लास्टिक काढा, कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांत संपवा. करायच्या वेळीच भरभर धुवा, भिजत घालू नका. गुरुजनांनी आधी घ्यावीत, मग बाकीच्यांनी. मागच्या बाकावरच्यांनी प्रत्येकी एकच डबी. मोजून आणल्या आहेत.